पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीची गळती: बसाल्टच्या प्रदेशात माती आणि भूजलाचा तपास कसा करावा

जमिनीखालच्या टाकीतून इंधन झिरपत असल्याची पहिली शंका बहुतेक वेळा पंपावर येत नाही, ती शेजारच्या विहिरीवर येते. पाण्याला वास येऊ लागतो, मोटार सुरू केल्यावर हौदात रंगीत तवंग दिसतो, तक्रार होते, कोणीतरी बाटलीभर पाणी तपासायला नेते आणि आठवड्याभराने ‘तेल व ग्रीस: आढळले नाही’ असा अहवाल हाती पडतो. प्रकरण तिथेच मिटते. नमुना कुठून, केव्हा, कोणत्या बाटलीत घेतला आणि कोणत्या चाचणीला दिला, हे विचारल्याशिवाय अशा निरंक अहवालाला काही किंमत नसते, आणि हा लेख त्याच प्रश्नांच्या क्रमाने लिहिला आहे. या विषयावरच्या परदेशी हस्तपुस्तिका प्रामुख्याने वाळूच्या आणि गाळाच्या जमिनी डोळ्यांसमोर ठेवतात. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग मात्र दख्खनच्या बसाल्टवर, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या काळ्या कातळावर आहे, म्हणून पुढील पद्धत माती, मुरूम आणि त्याखाली कातळ अशा जमिनीसाठी मांडली आहे.

आधी इंधनाचा स्वभाव

पेट्रोलची घनता साधारण ०.७२ ते ०.७७५ आणि डिझेलची ०.८२ ते ०.८४५ असते, म्हणजे दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. गळलेले इंधन मातीतून खाली उतरताना कणाकणांच्या फटींत थोडे अडकून राहते, उरलेले भूजलाच्या पातळीपर्यंत पोचते आणि तिथे पसरते. याचे चार भाग होतात: फटींत अडकलेले, पाण्यावर तरंगणारे, पाण्यात विरघळलेले आणि वाफ झालेले. विहिरीवर तवंग दिसत नाही एवढ्यावरून फक्त तरंगणारा भाग तिथे पोचलेला नाही, इतकेच म्हणता येते.

आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न विरघळलेल्या भागाचा आहे आणि त्यातही बेन्झीन या कर्करोगकारक घटकाचा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेन्झीनला आकारमानाने १ टक्क्याची मर्यादा आहे. शुद्ध बेन्झीन एक लिटर पाण्यात सुमारे १,८०० मिलिग्रॅम विरघळते; पेट्रोलमधल्या त्याच्या अल्प प्रमाणामुळे पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात ते लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅमपर्यंत उतरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे फरक दोन हजार पटींचा होतो. नाकाला या मर्यादेजवळचे बेन्झीन कळत नाही, त्यामुळे वास गेला म्हणजे पाणी सुधारले असे समजणे धोक्याचे आहे.

इथेनॉलमुळे गुंतागुंत आणखी वाढली आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरले, की इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाशी बसते. जमिनीत गेल्यावर सूक्ष्मजीव आधी इथेनॉल संपवतात, त्यात प्राणवायू खर्ची पडतो आणि बेन्झीनचे नैसर्गिक विघटन लांबते.

पहिली पायरी: कागद आणि टाक्यांचा हिशोब

बोअरची गाडी बोलावण्यापूर्वी पंपाच्या कार्यालयात एक दिवस घालवावा. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार परवान्यासोबत मंजूर झालेला नकाशा मिळवावा. टाक्यांची संख्या, क्षमता, भरण तोंडे, व्हेंट पाइप आणि डिस्पेन्सरपर्यंतच्या पाइपांचा मार्ग त्यात दाखवलेला असतो. हे परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. जुना नकाशा आणि सध्याची मांडणी जुळते का, हे प्रत्यक्ष मोजून पाहावे, कारण टाकी बदलताना जुनी टाकी जागेवरच वाळू भरून सोडून देण्याचा प्रकार नवा नाही आणि दोष पुष्कळदा त्या विसरलेल्या टाकीतच सापडतो.

त्यानंतर रोजची डिप (टाकीत पट्टी बुडवून मोजलेला साठा), डेन्सिटी म्हणजे घनता आणि विक्रीची नोंदवही पाहावी. आरंभीचा साठा, त्यात टँकरने आलेला माल, त्यातून विक्री वजा आणि शेवटी प्रत्यक्ष डिप, असा किमान एका वर्षाचा हिशोब टाकीनिहाय मांडावा. एखाद्या दिवशीची तूट काहीच सांगत नाही. दहा हजार लिटर पेट्रोलचे तापमान पाच अंशांनी उतरले तर सुमारे पन्नास लिटर नुसत्या आकुंचनानेच कमी दिसतात. दुखरी बाब वेगळी असते: रोजचा फरक कधी अधिक, कधी उणे असा न राहता सातत्याने उणे राहतो आणि त्याची बेरीज एका ठरावीक उताराने खाली जाते. तो उतार ज्या महिन्यात सुरू झाला, त्या महिन्यात टाकीजवळ कोणते काम झाले होते हे विचारावे.

मात्र हिशोब जुळतो म्हणून गळती नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेच्या नियमांत महिन्याच्या हिशोबात उलाढालीच्या १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९२ लिटर, इतका फरक गळतीच्या शंकेची सीमा मानला आहे. महिन्याला दोन लाख लिटर विकणाऱ्या पंपाला हे माप लावले तर सुमारे अडीच हजार लिटरपर्यंतची तूट शंकेच्या सीमेखालीच राहते. टाकीच्या दाबचाचणीलाही अशीच सीमा आहे. ताशी ०.१ गॅलनची गळती पकडू शकणारी चाचणी चांगली मानतात, पण त्या वेगानेही वर्षाला तीन हजार लिटरहून अधिक इंधन जाते.

पाइपांकडे विशेष लक्ष द्यावे. डिस्पेन्सरमधील पंप इंधन ओढून घेत असेल, तर पाइपला भोक पडल्यावर आत हवा शिरते आणि नोझलमधून इंधन उशिरा किंवा थबकत येते; कामगारांना हे ठाऊक असते, पण त्यांना कोणी विचारत नाही. टाकीतल्या बुडीत पंपाने इंधन दाबाने ढकलले जात असेल, तर तेच भोक पंप चालू असेपर्यंत इंधन बाहेर फेकत राहते आणि ग्राहकाला काहीच जाणवत नाही. टाकीच्या तळाचे पाणी डिपच्या पट्टीला रंग बदलणारी पेस्ट लावून तपासतात; इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी त्याचीच खास पेस्ट वापरावी, साधी पेस्ट फसवते. पावसाळ्यात तळाचे पाणी वाढत असेल, तर पाणी आत येण्याची वाट तीच इंधन बाहेर जाण्याची वाट असू शकते.

दुसरी पायरी: परिसर आणि सुरक्षितता

पंपापासून निदान पाचशे मीटर परिघातील विहिरी, बोअर, हातपंप, तळघरे, गटारे आणि केबलच्या नळ्या नकाशावर घ्याव्यात. प्रत्येक विहिरीची खोली, पाण्याची पातळी, वापर आणि मालकाचे निरीक्षण लिहावे. वास प्रथम कोणत्या महिन्यात आला, मोटार किती वेळ चालल्यावर येतो, कोणत्या बाजूच्या झऱ्यातून तवंग येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे अनेक यंत्रांपेक्षा अधिक कामाची असतात. विहिरीच्या भिंतीवर झऱ्याच्या तोंडाशी काळपट, तेलकट पट्टा दिसला, तर त्याची दिशा आणि खोली मोजावी. कातळातली कोणती भेग इंधन वाहून आणते आहे, हे तिथे उघड दिसते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते आणि हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के प्रमाणात ती स्फोटक ठरते. वास येणाऱ्या विहिरीत कोणीही उतरू नये. ज्वलनशील वायू आणि प्राणवायू मोजणारे उपकरण दोरीने सोडून वाचन घ्यावे, आणि विहिरीच्या तोंडाशी विडी, काडी किंवा मोटारीचा उघडा स्टार्टर नसावा. तळघरात किंवा गटारात वाफ आढळली तर तपास बाजूला ठेवून अग्निशमन दल आणि जिल्हा प्रशासनाला कळवावे, आणि बाधित विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरणे अहवालाची वाट न पाहता थांबवावे.

तिसरी पायरी: टाकीचा खड्डा समजून घेणे

माझ्या मते या प्रदेशातल्या निम्म्या तपासांचे यश या एका गोष्टीवर ठरते. टाकी बसवताना मुरूम आणि कातळ फोडून खड्डा करतात, टाकी ठेवतात आणि भोवती वाळू भरतात. कातळात खोदलेला आणि वाळूने भरलेला हा खड्डा म्हणजे एक बुजवलेला हौदच होय. पावसाचे पाणी त्यात उतरते आणि लवकर बाहेर पडत नाही; गळलेले इंधन त्या पाण्यावर तरंगत राहते. पातळी वाढली की ते खड्ड्याच्या सर्वांत सखल काठावरून किंवा पाइपांच्या चरांतून बाहेर वाहते. त्यामुळे प्रदूषण टाकीपासून भूजलाच्या उताराकडे न जाता आधी पाइपच्या चराने रस्त्याच्या गटारापर्यंत आणि तिथून भलत्याच दिशेच्या विहिरीत गेलेले आढळते. खड्ड्याच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत तळापर्यंत जाळीदार नळ्या बसवाव्यात आणि त्यांतील द्रवाची पातळी व तवंगाची जाडी पहिल्या पावसापासून नियमित मोजावी.

खड्ड्याबाहेर थरांचा क्रम निरखावा. वर काळी माती असेल तर उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांतून इंधन सरळ खाली जाते आणि पावसात तीच माती फुगून वाट बंद करते. त्याखाली मुरूम, मग झिजलेला, पोकळ्यांचा मांजऱ्या खडक, त्याखाली घट्ट काळा कातळ आणि दोन लाव्हाथरांमध्ये कधीकधी तांबडा गेरूसारखा थर असतो. विहिरींना पाणी बहुधा मुरूम आणि मांजऱ्या खडकातून मिळते, तर घट्ट कातळात पाणी आणि इंधन दोन्ही फक्त सांध्यांतून फिरतात. जवळचा रस्त्याचा कटाव, दगडखाण किंवा नवी विहीर पाहून सांध्यांच्या दिशा होकायंत्राने नोंदवाव्यात.

चौथी पायरी: मातीचे नमुने

भरण तोंडे, डिस्पेन्सरच्या खालची जागा, पाइपांचे जोड आणि टाकीची दोन्ही टोके यांच्याजवळ पहिले छेद घ्यावेत. गळती टाकीच्या पोटापेक्षा जोडांत अधिक वेळा निघते. पहिला दीड मीटर हाताने चालवायच्या ऑगरने, म्हणजे माती खणायच्या गिरमिटाने खणावा, म्हणजे पाइप किंवा केबल फुटणार नाही. तिथून कातळ लागेपर्यंत ऑगर किंवा दंडगोल नमुनायंत्र वापरावे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बोअरच्या गाडीने निघालेली भुकटी रासायनिक नमुना म्हणून कधीही देऊ नये, कारण त्या हवेने पेट्रोलचा हलका भाग आधीच उडवलेला असतो. निरंक अहवाल मिळवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

दर अर्ध्या मीटरला मातीचा थोडा भाग झिप पिशवीत अर्धी भरेल इतका घेऊन पिशवी बंद करावी, ढेकळे फोडावीत, दहा-पंधरा मिनिटे सावलीत ठेवून आतल्या हवेचे वाचन प्रकाश-आयनीकरण वायुमापकाने (इंधनाची वाफ मोजणाऱ्या हातातल्या उपकरणाने, पीआयडीने) घ्यावे. ही वाचने फक्त तुलनेसाठी असतात, दमट हवेत ती बिघडतात, पण प्रयोगशाळेला कोणत्या खोलीचा नमुना द्यायचा हे त्यांवरून ठरते. सर्वांत जास्त वाचनाचा एक, भूजलाच्या पातळीलगतचा एक आणि खालचा पहिला स्वच्छ वाटणारा एक, असे प्रत्येक छेदातून तीन नमुने द्यावेत.

नमुना भरणीत दाबून भरण्याची सवय सोडावी. टोक कापलेल्या प्लास्टिकच्या सिरिंजने नुकत्याच उघड्या केलेल्या मातीतून सुमारे पाच ग्रॅमचा गोळा काढून तो आधीच मोजून मिथेनॉल घातलेल्या ४० मिलिलिटरच्या कुपीत लगेच सोडावा, झाकण लावावे आणि ४ अंशांवर बर्फाच्या पेटीत ठेवावा. ओलावा काढण्यासाठी त्याच मातीचा वेगळा नमुना द्यावा. चौदा दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी.

पाचवी पायरी: निरीक्षण कूपनलिका

भूजलाचा उतार काढायला किमान तीन ठिकाणांच्या पातळ्या लागतात, आणि त्या तिन्ही एका ओळीत नसाव्यात. यांखेरीज पंपापासून भूजलाच्या उताराच्या वरच्या बाजूला एक कूपनलिका हवी. तीच प्रदूषित निघाली तर उगम दुसरीकडे असण्याची शक्यता उघडी होते.

आपल्याकडे भूजलाची पातळी मे आणि ऑक्टोबर यांच्यात कित्येक मीटर हलते, आणि तिच्याबरोबर तरंगते इंधन वरखाली होत त्या सगळ्या जाडीतील खडकाला माखत जाते. म्हणून जाळीदार नळी उन्हाळ्यातल्या नीचांकापासून पावसाळ्यातल्या उच्चांकापर्यंत पुरली पाहिजे. पातळी जाळीच्या वर गेली तर तवंग नळीत येणारच नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी मागून हा पल्ला आधीच ठरवावा. जाळीभोवती धुतलेली बारीक खडी, तिच्या वर बेंटोनाइटची (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीची) सील आणि पृष्ठभागी झाकणबंद कठडा असावा.

कातळात दोनशे फुटांची उघडी बोअर मारून तिला निरीक्षण कूपनलिका म्हणणे मात्र अपायकारक आहे. ती वरच्या प्रदूषित थराला खालच्या स्वच्छ थराशी जोडते. वरच्या झिजलेल्या थराची तपासणी पूर्ण होईपर्यंत घट्ट कातळ किंवा तांबडा थर भेदू नये. भेदायचाच झाला तर वरचा भाग केसिंग आणि सिमेंटने बंद करूनच खाली जावे.

प्रत्येक केसिंगच्या कडेवर एक कायमची खूण करून तिची उंची मिलिमीटरपर्यंत मोजावी. तवंग असेल तिथे इंधन आणि पाण्याच्या सीमा वेगळ्या दाखवणारी फीत वापरावी आणि पातळीची दुरुस्ती करावी. समजा इंधन ६.२० मीटरवर आणि पाणी ६.६० मीटरवर लागले. जाडी ०.४० मीटर, पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर ०.४० × ०.७४ = ०.२९६, म्हणजे पाण्याची खरी पातळी ६.६० मधून ०.२९६ वजा करून ६.३० मीटर. ही दुरुस्ती न केल्यास उताराची दिशा चक्क उलटी निघू शकते. नळीतली जाडी ही जमिनीतली जाडी नव्हे. ती बहुधा फुगलेली असते, उन्हाळ्यात पातळी उतरताना वाढते आणि पावसाळ्यात एकाएकी नाहीशी होते. पावसाळ्यात तवंग गेला म्हणून तपास बंद केलेली प्रकरणे पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडतात.

पातळ्या एकाच दिवशी, शक्यतो दोन तासांत आणि आसपासचे शेतीपंप बंद असताना मोजाव्यात. रब्बीत शेतीला वीज ज्या पाळीत येते तिचे वेळापत्रक आधी विचारून घ्यावे. उपशाच्या वेळी घेतलेला उतार शेजारच्या मोटारीकडे झुकलेला असतो. अर्थात ती माहितीही उपयोगी आहे, म्हणून पंप चालू असतानाची एक फेरी वेगळी नोंदवावी.

सहावी पायरी: पाण्याचे नमुने

कूपनलिकेतले साचलेले पाणी आधी काढावे. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे ६ लिटर भरते. त्याच्या तिप्पट, म्हणजे १८ लिटर, काढण्याची जुनी रीत आहे. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या संथ पंपाने, पातळी दहा सेंटिमीटरहून अधिक न उतरू देता उपसा करणे अधिक चांगले. पीएच ०.१ आणि विद्युतवाहकता ३ टक्क्यांच्या आत लागोपाठ तीन वाचनांत स्थिर झाली की नमुना घ्यावा. आधी स्वच्छ कूपनलिका, शेवटी सर्वांत मळकी, हा क्रम मोडू नये. तवंग असलेल्या नळीतून विरघळलेल्या भागाचा नमुना घेऊ नये. तिथला तवंगच वेगळा द्यावा.

नमुना ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, पाणी कडेने हळू सोडत, काठावर फुगवटा येईपर्यंत भरावा आणि झाकण लावून कुपी उलटी करून टिचकी मारावी. बुडबुडा दिसला तर नवी कुपी भरावी. कुपीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली ठेवल्यास नमुना चौदा दिवस टिकतो. परंतु चुनखडीच्या जड पाण्यात आम्ल पडताच फसफस होते आणि त्या बुडबुड्यांबरोबर बेन्झीन निघून जाते. असे पाणी आम्लाविना थंड ठेवून सात दिवसांत तपासावे.

आता त्या ‘तेल व ग्रीस’ चाचणीविषयी. या चाचणीत पाण्यातले तेल द्रावकात ओढून, द्रावक तापवून उडवतात आणि मागे उरलेल्याचे वजन करतात. द्रावकाबरोबर पेट्रोलही उडून जाते, त्यामुळे वंगण किंवा खाद्यतेल सापडते आणि पेट्रोल सापडत नाही. प्रयोगशाळेकडे गॅस क्रोमॅटोग्राफीने बेन्झीन, टोल्युइन, एथिलबेन्झीन आणि झायलीन, तसेच पेट्रोलच्या आणि डिझेलच्या पल्ल्यातील एकूण हायड्रोकार्बन वेगवेगळे मागावेत. डिझेलचा संशय असेल तर नॅफ्थलीन व इतर बहुचक्री संयुगेही. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता नेमक्या त्याच चाचणीसाठी आहे का, आणि बेन्झीनची शोधमर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या (०.०१ मिलिग्रॅमच्या) बरीच खाली आहे का, हे नमुना देण्यापूर्वी लेखी घ्यावे. प्रत्येक पेटीत शुद्ध पाण्याची एक न उघडलेली कुपी प्रवासभर ठेवावी, दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना, म्हणजे त्याच जागेचा दुसरा नमुना द्यावा, आणि नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची सहीसह साखळी ठेवावी.

विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट आणि विरघळलेले लोह यांचे मोजमाप स्वस्त असते आणि ते करावेच. प्रदूषित पट्ट्यात प्राणवायू व सल्फेट घटतात आणि लोह वाढते. बेन्झीन हाती लागले नाही तरी हा माग राहतो.

छेदांतली माती आणि उपसलेले पाणी गटारात टाकू नये. ते बंद पिंपांत ठेवून २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत केंद्राकडे पाठवावे.

सातवी पायरी: निष्कर्ष आणि अहवाल

एकाच फेरीवर निष्कर्ष काढू नये. मे अखेर आणि ऑक्टोबर या दोन फेऱ्या किमान आवश्यक आहेत. तुलनेसाठी बेन्झीनचे जागतिक आरोग्य संघटनेचे १० मायक्रोग्रॅमचे माप आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील खनिज तेलाचे ०.५ मिलिग्रॅमचे माप घ्यावे. हस्तक्षेप कधी करावा हे ठरवायला नेदरलँड्सची मूल्ये अनेकदा वापरली जातात: भूजलात लिटरमागे बेन्झीन ३० आणि खनिज तेल ६०० मायक्रोग्रॅम, मातीत बेन्झीन किलोमागे १.१ मिलिग्रॅम.

शेजारी दोन पंप किंवा एखादे गॅरेज असेल तर उगम कोणता, हा वाद होणारच. तवंगाच्या नमुन्यातील घटकांचा आलेख दोन्ही पंपांच्या टाक्यांतील इंधनाशी ताडून पाहावा. डिझेल जुने झाले की सरळ साखळीची हायड्रोकार्बन आधी संपतात आणि प्रिस्टेन व फायटेन ही फांद्यांच्या साखळीची, सावकाश विघटणारी संयुगे मागे राहतात, त्यावरून ताजी गळती आणि जुनी गळती वेगळी करता येते. निळी झाक दिसली तर रेशनच्या रॉकेलची शक्यता तपासावी.

अहवालात थरांचे उभे छेद, दोन्ही ऋतूंतील पातळ्यांचे नकाशे, प्रत्येक बाधित विहिरीचा स्वतंत्र उल्लेख आणि प्रदूषणाच्या कडा कुठे सापडल्या व कुठे सापडल्या नाहीत, हे असावे. नकाशावर कड सापडली नसेल तिथे तुटक रेघ ओढावी आणि पुढची कूपनलिका कुठे घ्यायची ती जागा दाखवावी. प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावी. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २०२५ मध्ये आलेल्या दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाच्या नियमांनी प्राथमिक आणि सविस्तर अशा दोन टप्प्यांच्या तपासणीची जबाबदारी ठरवून दिली आहे, आणि या पद्धतीने गोळा केलेली माहिती त्या दोन्ही टप्प्यांत उपयोगी पडते. विहीरमालकांना त्यांच्या पाण्याचे आकडे मराठीत, तारखेसह, स्वतंत्र कागदावर द्यावेत आणि पुढील मे महिन्यात नमुना घ्यायला कोण येणार, हेही त्याच कागदावर लिहावे.